पाय : ठीक

"बूट काढल्याशिवाय 'पाय ठीक' लिहायचं नाही. माणूस सांगत नाही, मोजे सांगतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या.

रस्त्यावर राहणाऱ्यांना तपासणाऱ्या फिरत्या दवाखान्यात तो माझा पहिलाच आठवडा. मी मान डोलावली. मनात म्हटलं, ह्यांचं काय जातंय, ह्यांच्या घरी आठ महिन्यांचं बाळ नाही.

छत्रीवाले काका एका बंद दुकानाच्या पायरीवर राहायचे, लोकांच्या मोडक्या छत्र्या नीट करून द्यायचे. मला बघितलं की पहिला प्रश्न, "पिल्लू काय म्हणतंय?"

"दात येताहेत. झोपू देत नाही."

"मग माझ्याकडे पाठवा. मलाही झोप नाही, आणि दात तर मुळीच नाहीत!"

मी हसत रक्तदाब घेतला. वास येत होता. बुटाला नाडीऐवजी छत्रीची तार गुंडाळलेली.

"काका, बूट काढता?"

"राहू दे हो ताई. पाय ठीक आहेत."

त्यांना लाज वाटतेय, हे मला कळलं. मला सुटका हवी होती, हे त्यांनाही कळलं असावं. मी उभ्याउभ्याच रकान्यात लिहिलं: ठीक. तीन आठवडे, तीनदा ठीक. घरी मात्र कोपरापर्यंत हात धुऊन मगच लेकराला घेतलं.

चौथ्या आठवड्यात सिस्टर स्वतः आल्या. त्यांनी ती तार पकडीनं कापली. मोजा कातडीसकट निघाला. पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

सिस्टर माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसते ते तीन कागद माझ्या हातात दिले.

वॉर्डात माफी मागायला गेले. काकांनीच विचारलं, "पिल्लू चालायला लागलं का?"

"धरून धरून."

"माझंही तसंच," ते म्हणाले.

आता नव्या मुलींना मी शिकवते. पहिल्याच दिवशी ते तीन कागद पुढे ठेवते. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, ही कोण हो गाढव?"

"मी," म्हटलं.

काका वॉर्डातून सुटले, ते त्या पायरीवर परत आलेच नाहीत. काखेत कुबडी असेल, पुढ्यात छत्र्या. तुमच्या बाजूला कुठे दिसले तर दुसऱ्या पायाची तेवढी चौकशी करा. पण खाली बसून करा. उभ्यानं विचारलं की ते 'ठीक' म्हणतात.