दातांच्या दवाखान्यातला कटकट्या

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. मित्रांनो, नाव अवघड असले तरी माझे काम सोपे आहे. लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात, औषधाने झोपवलेल्या मुलाच्या पायाच्या अंगठ्याला माझी चिमटी लावतात. त्याच्या रक्तात प्राणवायू किती आहे, ते मी आकड्यात दाखवतो. आकडा घसरला की बोंब ठोकतो!

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा माझे काय कौतुक झाले! पण मुले झोपेतही पाय झाडतात. चिमटी सरकते आणि मी उगाच ओरडतो. हळूहळू माझे नाव 'कटकट्या' पडले. मी वाजलो की सिस्टर न बघताच माझा आवाज बंद करू लागल्या. मला फार वाईट वाटायचे.

आणि मग तो दिवस उजाडला! खुर्चीत एक चिमुरडी झोपली होती. दाराबाहेर तिचा मामा येरझाऱ्या घालत होता. दातांच्या डॉक्टरीणबाई किडलेली दाढ कोरण्यात गढून गेल्या होत्या. काम चालू असताना पोरीची हनुवटी छातीकडे झुकली. माझा आकडा घसरला. मी जीव तोडून ओरडलो!

"झाली याची कटकट सुरू! चिमटी सरकली असेल," म्हणत सिस्टरांनी माझ्याकडे हात नेला. संपलेच सगळे, असे मला वाटले.

"थांबा! वाजू द्या त्याला," उशाशी उभे असलेले भूलतज्ज्ञ म्हणाले. "आधी पोरीकडे बघा. छाती हलतेय, पण श्वास आत जात नाहीये. जीभ मागे पडलीय. मॅडम, हात बाहेर घ्या!"

काय धावपळ उडाली! तोंडातला कापूस निघाला, नळीने लाळ ओढली गेली. भूलतज्ज्ञांनी तिचे डोके मागे केले, जबडा पुढे उचलला आणि नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क धरला. आकडा थबकला... आणि चढू लागला! चढतच गेला! निळसर ओठ पुन्हा गुलाबी झाले. मला तर नाचावेसे वाटले, पण पाय कुठून आणू?

काही वेळाने पोरगी जागी झाली आणि तिने असे भोकाड पसरले की मामा धावतच आत आला.

"अहो, केवढी रडतेय ही!"

"रडू द्या हो तिला," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. "पोटभर रडू द्या."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे आणि आजही कधीकधी उगाच ओरडतो. उद्या तुम्ही डॉक्टर झालात, सिस्टर झालात, तर मला खुशाल रागवा. फक्त माझे तोंड बंद करण्याआधी झोपलेल्या लेकराचा श्वास बघा. त्याला स्वतःहून कुणाला हाक मारता येत नाही.