तीनशे साठ तासांची थंडी

माळीणबाईंच्या पिंपात लावलेल्या सफरचंदाच्या झाडाचे डोळे शेवटी फुटले, पालवी आली. फळसंशोधन केंद्राच्या नोंदवहीत मात्र तसं काही घडलेलं नाही, तेव्हा आपणही घडलं नाही असं धरून चालू.

केंद्राचा नियम असा, की मार्चच्या पंधरा तारखेपर्यंत ज्याला पालवी नाही ते झाड मेलेलं. हे कलम बाईंनी बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बांधलेलं. त्या खेपेतलं एवढं एकच उरलं होतं. त्यांनी नखाने साल खरवडून साहेबांना दाखवली. आत हिरवंगार.

"झोपलंय, साहेब. पारा सातच्या खाली हजार तास राहिला की याची झोप पुरी होते. यंदा मिळाले सहाशे चाळीस."

"नियमात झोप नाही, बाई."

"केबिनमध्ये असते की. जेवणानंतर."

साहेबांनी करवतवाल्याला सोमवारी बोलावलं.

रविवारी बाईंनी पिंप हातगाडीवर चढवलं आणि तडक शीतगृह गाठलं. तिथे देखरेखीला त्यांचे धाकटे दीर.

"वहिनी, इथे फक्त फळं घेतात."

"फळच आहे भावजी. जरा लवकर आणलंय, इतकंच."

दिरांनी पावती फाडली: सफरचंद, एक नग, येणे बाकी. कोपऱ्यातल्या खोलीत, चार अंशांत झाडाची सोय झाली. बाई रोज दोन स्वेटर चढवून जायच्या आणि पिंपावर खडूने तासांच्या रेघा मारायच्या.

सोमवारी करवतवाला आला. जागेवर झाड नाही म्हणजे काम झालेलं दिसतंय, असं म्हणून त्याने नोंदवहीत 'तोडले' लिहिलं. साहेबांनी सही ठोकली.

पंधरा दिवसांनी तीनशे साठ रेघा भरल्या. बाईंनी पिंप उन्हात आणलं. अठराव्या दिवशी डोळे फुगले, हिरवी टोकं बाहेर आली. त्या पिंप ढकलत साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"हे झाड तोडलंय," साहेब नोंदवहीवर बोट ठेवून म्हणाले.

"मग त्याला सांगा ना."

साहेबांनी खरंच झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तोडलेलं झाड आवारात ठेवता येत नाही."

"ठेवलं कुठंय? उभं आहे. मीपण उभीच आहे. हलत नाही आम्ही."

"काय ते लेखी द्या."

बाईंनी तिथेच, टेबलाच्या कडेवर कागद टेकवून लिहिलं:

'सदर झाड तोडल्यानंतर फुटले, याबद्दल त्यास कारणे दाखवा नोटीस देऊ नये. तसेच थंडीस पुढील वर्षी सात अंशांखाली पूर्ण एक हजार तास हजर राहण्याचे आदेश द्यावेत, आणि यंदाचे कमी भरलेले तीनशे साठ तास तिच्याकडून जादा पाळीत भरून घ्यावेत, ही विनंती.'