माझ्या पोटातला खडा

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्यावर उड्या मारता, तेव्हा माझ्या आत काहीतरी खडखडतं. काल तुमच्या शाळेच्या शिपायाने मला आडवं करून ते काढायचा प्रयत्न केला. तो पुन्हा यायच्या आत मला थोडं बोलायचं आहे.

माझा जन्म वॉर्सातल्या एका कारखान्यात झाला. सुरुवातीला मी एका व्यापाऱ्याकडे लोकरीच्या गासड्या तोलत असे. मालक वारले, तेव्हा त्यांच्या बायकोने मला इथल्या पाईनच्या रानातल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाला देऊन टाकलं. आमच्या ज्यू शिंप्यांनी, हमालांनी, पाववाल्यांनी पदरमोड करून ते उभारलं होतं. गरिबाला तिथे दूध, अंडी आणि व्हरांड्यातली खाट फुकट मिळे. पण खाटा थोड्या आणि वाट पाहणारे चौपट, त्यामुळे नियम कडक होता. तीन महिन्यांत वजन वाढलं तर आणखी तीन महिने राहायचं, नाही तर खाट पुढच्याला.

ते वजन मी सांगायचो. दर रविवारी सकाळी रांग लागे. नर्स पेसाबाई रांगेतल्या बायका मोजताना 'एक नाही, दोन नाही, तीन नाही' असं म्हणत. माणसं सरळ मोजली की नजर लागते, अशी आमच्यात समजूत. डॉक्टर मार्गोलीस मात्र चारचौघांत सांगत, की या घरात कधीच खोटं न बोलणारा एकटा हा काटा आहे. मला त्याचा अभिमान होता, ते कशाला लपवू?

हेन्या बावीस वर्षांची, हातमोजे शिवणारी. तिच्या तीन महिन्यांचा शेवटचा रविवार नेमका योम किप्पुरच्या दुसऱ्या दिवशी आला. तो आमचा मोठा उपास. पुढच्या वर्षी कोण जगणार, हे त्या दिवशी वर ठरतं म्हणतात. आजाऱ्याने उपास करू नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनीही लिहून दिलं होतं. डॉक्टर स्वतः सूपची भांडी घेऊन खाटेखाटेपाशी फिरले. त्यांची पाठ वळली की सूप व्हरांड्याखालच्या वाळूत जात होतं.

रविवारी हेन्या माझ्यावर उभी राहिली आणि मी दोन किलोंची वाढ दाखवली. तिच्यामागून धोबीण त्सिपा चढली, तीही वाढली. रांगेतल्या सगळ्याच बायका वाढल्या.

"उपास अंगी लागला म्हणायचा," त्सिपा पुटपुटली. रांग खोकत खोकत हसली.

डॉक्टर हसले नाहीत. काटा बिघडला, असं त्यांनी ठरवलं. मला अडगळीत टाकायचं आणि माझ्या तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी रद्द करायच्या. त्सिपाने आधीच्या आठवड्यांत खरोखर कमावलेले चार किलोही त्यात गेले. तिचा चेहरा उतरला. मी तर खरं बोलूनच खोटा ठरलो होतो. पहारेकऱ्याने मला उचलायला हात घातला, तेवढ्यात हेन्या पुढे आली. झग्याच्या खिशांतून मूठ मूठ खडे काढून तिने माझ्यावर ठेवले.

"काटा खरा आहे, डॉक्टर. खोटी मी आहे."

मग बाकीच्यांचेही खिसे रिकामे झाले. खडे निघाले, खलबत्त्यातला बत्ता निघाला, एकीच्या खिशात तर कुलूप होतं.

"सूप का नाही प्यायलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"जगू दे म्हणून मागायचं होतं. भरल्या पोटी कसं मागू?"

डॉक्टरांनी तिला रिकाम्या खिशांनी पुन्हा उभं केलं. तीन महिन्यांपूर्वीपेक्षा वजन अर्धा किलो कमीच भरलं. नियमाने तिची खाट गेली होती. डॉक्टरांनी लेखणी उचलली आणि खाली ठेवली.

"उपाशी माणसाचं वजन मी धरत नाही. पुढच्या रविवारी ये. आठवडाभर मी समोर बसून तुला जेवायला लावणार आहे."

ते खरंच रोज बसले. पुढच्या रविवारी हेन्या दीड किलो जास्त भरली आणि तिची खाट राहिली. वर्षभराने ती बरी झाली आणि तिथेच चादरी शिवायच्या कामाला लागली. तिने ठेवलेल्या खड्यांतला एक माझ्या फटीतून आत घसरला होता. खडखडला की ती हसायची.

आठ वर्षांनी एका ऑगस्टच्या सकाळी जर्मन सैनिक आले. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं करून मोजलं. एक, दोन, तीन, असं सरळ मोजलं. रांगेत पेसाबाई होत्या, डॉक्टर होते, हेन्या होती. त्यांतलं कुणीही परतलं नाही. मी बरीच वर्षं अडगळीत गंजत पडलो आणि मग तुमच्या शाळेत आलो.

मित्रांनो, खुशाल उड्या मारा. रंग दिला नाहीत, तेल घातलं नाहीत, तरी माझी तक्रार नाही. पण शिपायाला एवढं सांगा. आमच्यात कबरीवर फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. हेन्याला कबर नाही. खडा तेवढा माझ्याकडे आहे, तो राहू द्या.