आठव्या दिवसाचे पाणी

मित्रांनो, जरा लांबूनच बोला, माझा काठ निसरडा आहे. मी पलूसजवळच्या एका मळ्यातली जुनी विहीर. मला खणायला दोन उन्हाळे लागले. काळा खडक फोडता फोडता तळाशी करंगळीएवढा झरा लागला, तेव्हा थकलेली माणसे नाचली होती.

पुढे मोटा गेल्या, विजेची मोटर आली. भावकीतल्या सात घरांनी माझे पाणी वाटून घेतले. एकेक दिवस एकेका घराचा. आठव्या दिवशी मात्र मोटर बंद. तो दिवस पुढे जन्माला येणाऱ्यांचा, असे जुन्या माणसांनी ठरवले होते. त्या दिवशी माझे झरे दम घेत. शेजारच्या विहिरी आटल्या, मी टिकले. लोक कौतुक करत, पण माझ्यातला गाळ काढायला कुणाला सवड नसे.

मोटरच्या पेटीची किल्ली भावकीतल्या थोरल्या हंबीररावांकडे असे. फाल्गुनात ते गेले आणि किल्ली त्यांच्या लेकीकडे, संयोगिताकडे आली. ती विधवा, मूलबाळ नाही. वडिलांनी दिलेल्या वीस गुंठ्यांत, त्यांच्याच वाट्याच्या पाण्याच्या दिवसावर ती हळद करते.

वैशाखात एका आठव्या दिवशी, भर दुपारी, तिचा वेगळे घर केलेला धाकटा भाऊ विश्वजीत पहार घेऊन आला. मागे चुलते नाथाजी होते.

"आक्का, किल्ली दे. द्राक्षाची नवी फूट वाळाय लागलीया."

"आज आठवा दिवस हाय, विश्वा."

"कुणाचा दिवस? बोलव की त्याला! जो जल्मलाच न्हाई, त्याला तहान लागती व्हय?"

नाथाजी हसले. "आन् जल्मला तर पुण्यात जल्मंल, गड्या. नळाचं पाणी पिईल!"

"येईल का न्हाई, मला ठावं न्हाई, काका. पण आला तर तहान लागंलच की."

"माझी बाग आज मरतीया, त्येचं काय?" विश्वजीतचा आवाज चिरकला. "तुला तर पोर बी न्हाई. कुणासाठी राखतीस?"

संयोगिता पेटीजवळ येऊन उभी राहिली. मित्रांनो, त्याच्या वेली मी ओळखत होते. पुढे येणाऱ्यांचे तोंड मी कधी पाहिलेले नव्हते.

त्याने पहार कुलपात अडकवली. तिने कुलपावर हात ठेवला. पहार निसटली असती, तर तिची बोटे गेली असती.

"हात काढ, आक्का."

"उद्याचा दिवस माझा हाय," ती म्हणाली. "त्यो घे. पाऊस लागस्तवर माझे सगळे दिवस घे. ते माझे हाईत, म्हणून देती. ह्यो माझा न्हाई, कसा देऊ?"

"आन् तुझी हळद?"

"जाईल."

बराच वेळ पहार तशीच ताणलेली होती. मग त्याने ती ओढून काढली आणि मागे न बघता गेला.

दुसऱ्या दिवशी संयोगिताचे पाणी त्याच्या बागेत गेले. निम्म्या वेली जगल्या. तिच्या हळदीचे कोंब मातीतच सुकले. विश्वजीत अजून तिच्याशी धड बोलत नाही.

मित्रांनो, मी उपदेश काय करणार, मी एक खोल खड्डा. एवढेच मागते. ज्याला अजून तोंड नाही, त्याच्या वाट्याचे परस्पर वाटून टाकू नका. कुणाची तहान बघवत नसेल, तर आपल्या वाट्याचे द्या.