बारावर थांबलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना वॉटमीटर आहे आणि मला भयंकर राग आला आहे. गोडगोड बोलणं आज मला जमणार नाही.

रेडिओतून खरोखर किती शक्ती बाहेर पडते, ते सांगणं हे माझं काम. मला रेडिओ आणि अँटेना यांच्या मधे जोडायचं, बोलायचं बटण दाबायचं, की माझा काटा उठतो. एका कारागिरानं मला हातानं बांधलं. पुढे हौशी रेडिओ मंडळाच्या खोलीत, तिथली यंत्रं सांभाळणाऱ्या काकूंनी मला कितीतरी वर्षं जपलं. "हा कुणाचं तोंड बघून बोलत नाही," असं त्या कौतुकानं म्हणायच्या.

मग काकूंच्या दिरांनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, एक चकचकीत नवा रेडिओ आणला. काकूंनी सवयीनं मला जोडलं. रेडिओच्या पडद्यावर शंभर वॉट. माझा काटा बारावरच थांबला.

"भाऊजी, याच्या पोटात काहीतरी जळालंय. परत पाठवा."

"वहिनी, पडद्यावर शंभर दिसतंय की!"

"आपण किती मागितलं, एवढंच पडदा सांगतो. बाहेर किती पडलं ते हा सांगतो."

"हा म्हातारा डबा? चार लोकांत माझं हसं करू नका."

खरं बोललो मी, आणि खोटारडाही मीच! घरात वितुष्ट नको म्हणून काकू गप्प बसल्या. मला फडक्यात गुंडाळून त्यांनी कपाटात कोंबलं.

पुढे वादळ आलं. मोबाइल मुके झाले. खाडीकाठी एक सुतार कोसळलेल्या छपराखाली अडकला आणि त्याची बायको धावत आमच्या खोलीवर आली. बचावपथक पार दुसऱ्या टोकाला, टेकड्यांआड होतं. काकू नव्या रेडिओवर ओरडत होत्या, "जुन्या धक्क्यावर नको, नव्या धक्क्यावर या!" कपाटात मी नुसता जळफळत होतो. आवाज खरखरीत बुडत होता. पथकाला ऐकू आलं, "जुन्या धक्क्यावर... या." त्यांनी "समजलं" म्हटलं आणि नाव तिकडे नेली. तिथल्या पायऱ्या वाहून गेल्या होत्या. वळसा घालून ते पोचेपर्यंत फार उशीर झाला. सुतार वाचला, पण त्याचा उजवा हात कापावा लागला.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "वादळच तसं होतं, कोण काय करणार?"

काकू उठल्या. मला कपाटातून काढून त्यांनी आधी मंडळाचा जुना रेडिओ जोडला. माझा काटा सरळ शंभरावर गेला. मग नवा जोडला. बारा! अध्यक्षांनी मान खाली घातली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली सुताराची बायको काकूंना म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"हो," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपा, असं काही मी मागत नाही. काच तडकली तरी माझा काटा हलेल. पण मी बारा दाखवले तर बाराच म्हणा. मोठ्यानं म्हणा. घरचं माणूस रुसलं तरी म्हणा.