टॅब पुसला, आणि फोन वाजला

बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या बाजारपेठेत गुलनारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. विमलबाईंनी पिशवीतून टॅब काढून तिच्यापुढे ठेवला. त्यांच्या लेकीचा, पुष्पांजलीचा. चालू केला की कंपनीचं चिन्ह यायचं आणि गाडी तिथंच अडायची.

"काकू, रिसेट मारावं लागते. सगळं पुसल्या जाईन. आत काही कामाचं आहे का?"

"कायचं कामाचं? टाक पुसून."

गुलनारनं दोन बटणं दाबून धरली, रिसेट निवडलं. टॅब पुसून झाला, तोच विमलबाईंचा फोन वाजला. बुलढाण्याला कॉलेजात शिकणारी पुष्पांजली पलीकडून रडत होती.

"आई, बाबा फवारता फवारता वावरात पडले. शेजारच्या वावरातल्या सहदेवकाकांनी इथं बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर इचारून राह्यले, औषध कोणतं होतं? बाबा शुद्धीवर नाहीत, डबे सापडत नाहीत. मी सुट्टीत आली तवा फोटो काढले होते त्या डब्यांचे. टॅबवर आहेत. लवकर पाठव!"

विमलबाईंनी पुसलेल्या टॅबकडे पाहिलं. त्या वर्षी बीटीच्या कपाशीलाही बोंडअळीनं सोडलं नव्हतं. रामराव, त्यांचे मालक, दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारत होते.

"गुलनार, पुसलं का वं सगळं?"

टॅब कोऱ्या पाटीसारखा भाषा विचारत होता. आता काय सांगावं या बाईला? मग एकदम गुलनारच्या ध्यानात आलं: रिसेटनं टॅब पुसला जातो, आत मेमरी कार्ड घातलेलं असेल तर ते नाही.

तिनं नखानं कडेचं झाकण उचकटलं. कार्ड होतं! तिनं ते आपल्या फोनमध्ये घातलं. फोटो एकेक करून उघडू लागले. कॉलेजच्या मैत्रिणी. गोठ्यातली कालवड. कोणाचं तरी लग्न. मग एक डबा, पण नावावर अंगठा आलेला.

"या अल्लाह..."

पुढच्या फोटोत दोन्ही डबे शेजारी शेजारी होते, नावं स्वच्छ वाचता येत होती. तिनं फोटो पुष्पांजलीला धाडला. विमलबाई फोनकडे बघत राहिल्या. बराच वेळ काहीच आलं नाही. मग दोनच शब्द आले: 'डॉक्टरांना दाखवला.'

"चला काकू." गुलनारनं शटर ओढलं आणि बुलढाण्याच्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसली. वाटेत विमलबाईंनी तिचा हात सोडला नाही.

औषधांची नावं कळताच डॉक्टरांनी त्यावरचा उतारा सुरू केला होता. दिवेलागणीला रामरावांनी डोळे उघडले. बायकोकडे पाहून पुटपुटले, "खालचं वावर राह्यलं वं फवाराचं."

"राहू द्या," विमलबाई म्हणाल्या, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडू लागल्या. गुलनारनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे भरून आले होते.