व्हेल्डाच्या पाटीचा पंख

आमच्या गावात निवडणूक संपली की आमच्या क्लबातले हौशी विमानवाले प्रचाराच्या पाट्या गोळा करायला निघतात. अंगणात रोवलेल्या या पाट्या पन्हळी प्लास्टिकच्या असतात. दोन पातळ थर आणि मध्ये एकमेकींना चिकटलेल्या नळ्या. वजनाला हलक्या आणि पावसात न कुजणाऱ्या. रिमोटवर उडणारी आमच्या क्लबातली निम्मी विमानं या पाट्यांचीच बनवलेली आहेत. हरलेल्यांच्या पाट्या जास्त मिळतात. जिंकलेला पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतो.

माझी बायको व्हेल्डा शाळेच्या मंडळासाठी उभी राहिली आणि हरली. तिने स्वतःच क्लबात पाट्या वाटल्या. जमिनीवर कुणी विचारलं नाही, आता वर तरी जाऊ दे नाव, असं म्हणाली आणि सगळ्यांना कॉफी ओतत फिरली. दोन मोठ्या पाट्या तेवढ्या गॅरेजमध्ये राहिल्या. निळ्यावर पिवळ्या अक्षरांत तिचं नाव, बाकी काही नाही.

मार्चमध्ये ती गेली.

क्लबाच्या ऑक्टोबरच्या मेळ्यात त्यातल्या एका पाटीचं विमान उडवायचं मी ठरवलं. पंखाच्या खालच्या अंगाला तिचं नाव अखंड हवं. विमान डोक्यावरून जाताना खालच्या लोकांना ते वाचता आलं पाहिजे. एवढंच मला करायचं होतं.

पण पंखात नळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबीने जाव्या लागतात. त्यांच्यामुळेच पंखाला ताठपणा येतो. पाटीत नळ्या उभ्या असतात, कारण तारेचे पाय खालून त्यांतच खुपसायचे असतात. म्हणजे नाव पंखाच्या लांबीवर सरळ ठेवलं की नळ्या आडव्या येतात. हे मला माहीत होतं. तरी मी तसंच कापलं, आत लाकडी पट्टी घातली आणि चिकटवलं.

ड्वेन बघायला आला. क्लबातला सगळ्यात जुना माणूस. आधी मक्याची कापणी कुठवर आली ते बोलला, मग पंख हातात घेऊन उलटून पाहिला.

"मर्ल, नळ्या आडव्या आहेत."

"माहीत आहे."

"पहिल्याच वळणात मोडेल लेका. सगळ्यांच्या समोर."

आत अजून एक पट्टी घालीन म्हणालो.

"चार घाल. मग उडायचं नाही ते, त्याच्यावर जेवायला बसू."

तो गेल्यावर मी पंखाची टोकं दोन खुर्च्यांवर टेकवली आणि मध्ये तळव्याने दाबलं. फार जोर लावला नव्हता. आतली पट्टी कडकन मोडली आणि नावाच्या मधोमध पांढरी घडी पडली. या प्लास्टिकवर पडलेली घडी जात नाही.

दुसरी पाटी मी फिरवून ठेवली. आता नळ्या बरोबर होत्या आणि नाव पंखाला आडवं, पुढून मागे. पंखाची पुढची कड करायला एका नळीवर वरचा थर चिरून पाटी दुमडायची असते. ती चीर मधल्या अक्षरातून जात होती. मी सुरी खाली ठेवली, हात पुसले, पुन्हा घेतली. दुमडल्यावर अर्धं नाव पंखाच्या वर गेलं, अर्धं खाली.

मेळ्यात विमान छान उडालं. पंख जरासुद्धा वाकला नाही. खालून निळं दिसत होतं आणि त्यावर पिवळे तुकडे.

शेजारच्या गावाहून आलेला एक माणूस माझ्याजवळ उभा होता. त्याने विचारलं, "अहो, काय लिहिलंय त्याच्यावर? कुणाची जाहिरात आहे का?"

माझ्या बायकोचं नाव आहे, व्हेल्डा, मी सांगितलं. शाळेच्या मंडळासाठी उभी होती.

"निवडून आल्या?"

"नाही."

"मग काय झालं? पुढच्या वेळी राहतील की उभ्या."

ड्वेन आपल्या बुटांकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "आता नाही राहणार."

बॅटरी संपत आली होती. उतरव आता, असं ड्वेन हळूच म्हणाला. मी विमान वळवलं आणि अजून एक फेरी मारली.